कोणापासून स्वतंत्र? राजकीय पत्रकार पारखण्याची कसोटी आणि जुन्या सातारा जिल्ह्याचा इतिहास

१/
कोरेगाव तालुक्यातील पाडळी हे गाव ‘सातारारोड’ या नावानेच अधिक ओळखले जाते. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात काही काळ या लहानशा गावात दोन उद्योग एकाच आश्रयाखाली चालत होते. एक लोखंडी नांगर घडवणारा कारखाना आणि दुसरा ‘प्रबोधन’ हे नियतकालिक छापणारा छापखाना. कारखाना धनजीशा कूपर यांचा, नियतकालिक केशव सीताराम ठाकरे यांचे. कारखानदार निवडणुकीच्या राजकारणात मुरलेला, तर संपादक कोणाची भीडभाड न ठेवण्याबद्दल प्रसिद्ध. मग कोरेगावच्या बाजारात तो अंक हाती पडणाऱ्या वाचकाने तो कोणाचा मानावा? संपादकाचा की कारखानदाराचा?

२/
शंभर वर्षांनंतरही त्या तालुक्यातला प्रश्न बदललेला नाही. छापखान्याची जागा तेवढी मोबाइलने घेतली आहे. निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲपच्या गटांत राजकीय पत्रकारांच्या चित्रफिती फिरू लागतात. आपल्या सोयीचे बोलणारा ‘निर्भीड’ ठरतो, गैरसोयीचे बोलणारा ‘विकला गेलेला’. दोन्ही शिक्के मारताना पुरावा कोणी मागत नाही. त्यामुळे खरोखर विकला गेलेला पत्रकार आणि केवळ न पटणारा पत्रकार यांच्यातला फरकच पुसला जातो. यात पत्रकाराचे नुकसान होते त्याहून अधिक मतदाराचे होते.

३/
या धाग्याचे म्हणणे असे आहे : ‘हा पत्रकार स्वतंत्र आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. छपाईला पैसा लागतो, बातमीला माहीतगार लागतो, अंकाला वाचक लागतो; त्यामुळे सर्वांपासून स्वतंत्र असा पत्रकार कधी झाला नाही आणि होणारही नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा : तो कोणापासून स्वतंत्र आहे, आणि त्या स्वातंत्र्याची किंमत त्याने प्रत्यक्ष कधी मोजली? याशिवाय स्वतंत्र असणे आणि विश्वासार्ह असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

४/
हे समजून घेण्यासाठी लांब जावे लागत नाही. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी कोरेगाव, कराड, वाळवा हे सारे तालुके एकाच सातारा जिल्ह्यात होते. या जिल्ह्याशी नाते असलेले चार संपादक एकत्र पाहिले की पत्रकारावर येणारे चार निरनिराळे दाब स्पष्ट दिसतात : माहीतगाराचा, सरकारचा, आश्रयदात्याचा आणि वाचकाचा.

५/
पहिला दाब माहीतगाराचा. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ चा, कराड तालुक्यातील टेंभूचा. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे संपादकत्व आगरकरांकडे आले आणि इंग्रजी ‘मराठा’चे टिळकांकडे. त्याच सुमारास कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला असल्याच्या वार्ता पुण्यापर्यंत येत होत्या. संशयाचे बोट कारभारी माधवराव बर्वे यांच्याकडे होते. बर्व्यांची म्हणून काही पत्रे पुढे आली. दोन्ही पत्रांनी त्यांच्यावर विश्वास टाकला आणि कारभाऱ्यावर कठोर टीका केली.

६/
बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर सारी भिस्त होती ती बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले. लोकांनी त्यांना वीर मानले. खटल्याच्या काळात फुल्यांच्या सत्यशोधक वर्तुळातील रामशेठ उरवणे यांनी त्यांच्यासाठी जामीन दिला. विचारांनी दूर असलेल्या मंडळींनाही त्यांच्या हेतूविषयी शंका नव्हती, एवढे यावरून दिसते.

७/
मात्र हेतू शुद्ध होता म्हणून कागद खरे ठरले नाहीत. पुढचा इतिहास अधिक अवघड आहे. डिसेंबर १८८३ मध्ये ते तरुण छत्रपती अहमदनगरला देखरेखीखाली असताना एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. म्हणजे त्यांच्या छळाविषयीची काळजी पोकळ नव्हती. संशय रास्त होता, पुरावा खोटा होता आणि लिहिणारे प्रामाणिक होते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांपैकी एकच उचलून निकाल देणारा वाचक फसतो, मग तो निकाल भक्तीचा असो वा द्वेषाचा.

८/
येथून मिळणारी कसोटी अशी : पत्रकार आपल्या सोयीच्या कागदाचीही तपासणी करतो का? आणि चूक उघड झाल्यावर काय करतो? चूक न केलेला राजकीय पत्रकार शोधू गेल्यास कोणीच सापडणार नाही. ज्या ठळकपणे आरोप केला त्याच ठळकपणे दुरुस्ती करणारा मात्र सापडू शकतो. आज चित्रफीत गुपचूप काढून टाकणे सोपे झाले आहे. म्हणूनच चूक झाल्याचे सांगून ती तशीच ठेवणाऱ्याचे मोल वाढले आहे.

९/
दुसरा दाब सरकारचा. वाळवा तालुक्यातील इस्लामपूर येथून ‘प्रतोद’ नावाचे वृत्तपत्र निघत असे. १८९७ हे साल मराठी वृत्तपत्रांसाठी भयंकर होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताचा जाच झाला, जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी ‘प्रतोद’वरही राजद्रोहाचा खटला चालला. निमित्त होते कॅनडाच्या लोकांचे उदाहरण पुढे करून स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयी लिहिलेला एक लेख.

१०/
साताऱ्याच्या सत्र न्यायाधीशाने संपादकास जन्मठेप काळ्या पाण्याची आणि त्याच्या सहकाऱ्यास सात वर्षांची शिक्षा फर्मावली. एका तालुक्याच्या गावच्या पत्रातील एका लेखाबद्दलची ही शिक्षा होती. अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेले. त्या पीठावर मुख्य न्यायाधीश फॅरन आणि न्या. पार्सन्स यांच्यासह न्या. महादेव गोविंद रानडे होते. दोष कायम राहिला, पण शिक्षा अनुक्रमे एक वर्ष आणि तीन महिने इतकी खाली आली. राजद्रोहाच्या कलमातील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ काय, याची चर्चा पुढे दीर्घकाळ या खटल्याच्या आधारे होत राहिली.

११/
‘प्रतोद’कर्त्यांचे धैर्य वादातीत आहे. पुण्यामुंबईच्या पत्रांमागे वकील, वर्गणीदार आणि पुढारी उभे राहत. इस्लामपूरच्या पत्रामागे तसे बळ असण्याची शक्यता कमी होती. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करायला हवा. कॅनडाला १८६७ पासून अंतर्गत स्वराज्य होते आणि १८९७ मध्ये तेथे साम्राज्याविरुद्ध उठावाची स्थिती नव्हती. लेखकाला कॅनडाच्या आडून हिंदुस्थानाविषयी बोलायचे होते हे उघड आहे, आणि त्या काळी अशी आड घ्यावी लागत असे. पण शिक्षा झाली म्हणून कॅनडाचे वर्णन अचूक ठरत नाही.

१२/
सत्तेने त्रास दिला ही गोष्ट पत्रकार सत्तेपासून स्वतंत्र असल्याचा भक्कम पुरावा आहे. त्याची प्रत्येक बातमी खरी असल्याचा मात्र तो पुरावा नाही. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गुन्हा दाखल झाला म्हणून बातमी खोटी ठरत नाही, आणि न्यायालयाने दोषी धरले म्हणूनही ती नेहमी खोटी ठरत नाही. नोटीस, अटक, अपमान यांमुळे पत्रकाराविषयी सहानुभूती वाटावी; ते माणुसकीला धरून आहे. बातमी मात्र बातमी म्हणून वेगळीच तपासावी लागते.

१३/
तिसरा दाब आश्रयदात्याचा, आणि येथे पुन्हा पाडळीला यावे लागते. केशव सीताराम ठाकरे, म्हणजेच प्रबोधनकार, यांनी १६ ऑक्टोबर १९२१ रोजी मुंबईत ‘प्रबोधन’ सुरू केले. ब्राह्मणेतर चळवळीची बाजू ते उघडपणे घेत. धनजीशा कूपर हे सातारा जिल्ह्याच्या ब्राह्मणेतर राजकारणातील वजनदार नाव. ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले, मंत्री झाले आणि १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. त्यांच्या आश्रयाने ‘प्रबोधन’ सातारारोडला आले. विचार जुळत होते, पैसा होता, जागा होती. वरकरणी सारे सोयीचे होते.

१४/
हे सख्य टिकले नाही. संपादक आणि कारखानदार यांचे बिनसले आणि ‘प्रबोधन’ने पाडळी सोडून पुण्याची वाट धरली. निवडणुका लढवणाऱ्या माणसाच्या आवारात संपादकाला काय सोसावे लागते, याचा अंदाज करणे अवघड नाही. आश्रयदाता नेहमी लेखात फेरफार करायला सांगतो असे नाही. त्याच्या आवारात राहणाऱ्याला काय लिहू नये हे न सांगताच कळते. म्हणून आश्रयाखाली काय लिहिले गेले याइतकेच, आश्रय सोडण्याची वेळ आली तेव्हा संपादकाने काय केले हेही पाहावे लागते. सामान बांधून बाहेर पडणे खर्चाचे असते. नियतकालिकाचे वर्गणीदार आणि वेळापत्रक दोन्ही त्यात विस्कटतात.

१५/
येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. पाडळीच्या दिवसांविषयीची पुष्कळशी माहिती प्रबोधनकारांच्याच ‘माझी जीवनगाथा’ या आत्मचरित्रातून येते. शाहू महाराजांनी पुराणांवर टीकाग्रंथ लिहिण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली आणि आपण ती नाकारली, हा प्रसंगही त्यांनीच सांगितला आहे. आपल्या बाणेदारपणाचा साक्षीदार आपणच, अशी ही स्थिती. म्हणून तो प्रसंग खोटा ठरत नाही. पण इतिहासाच्या रिवाजानुसार स्वतःच्या बाजूची साक्ष दुसऱ्या पुराव्याने तोलून घ्यावी लागते.

१६/
तसा पुरावा आहे, आणि तो छापील आहे. शाहू महाराज ब्राह्मणेतर चळवळीचे सर्वांत मोठे आधारस्तंभ होते आणि प्रबोधनकारांविषयी त्यांना आस्था होती. तरीही कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातील एका प्रकरणात महाराजांनी घेतलेली भूमिका न पटल्याने प्रबोधनकारांनी ‘अंबाबाईचा नायटा’ हा लेख लिहून त्यांच्यावर टीका केली. हा लेख उतारवयातील आठवण नव्हे. आश्रयदाता हयात आणि सामर्थ्यवान असताना त्याच्या नजरेस पडेल असा तो छापला गेला. आत्मचरित्रातील दहा बाणेदार प्रसंगांपेक्षा असा एक समकालीन लेख अधिक वजनाचा असतो.

१७/
आजच्या पत्रकारांनाही हेच माप लावता येते. ‘मला अमुक पक्षाने इतके देऊ केले होते, मी नाकारले’ असे मुलाखतीत सांगणारे पुष्कळ आहेत. ते ऐकून घ्यावे आणि बाजूला ठेवावे. मग त्यांच्या जुन्या मजकुरात शोधावे : ज्याच्याशी यांचे विचार जुळतात, ज्याच्या व्यासपीठावर हे बसतात, त्याच्याविषयी याच काळात यांनी गैरसोयीचे काही लिहिले आहे का? सापडले तर तो खरा पुरावा. काहीच सापडले नाही तर मुलाखतीतील कथेचे मोल तेवढेच धरावे.

१८/
आश्रयाविषयी दुसरा टोकाचा समजही टाळायला हवा. कोणाचा पैसा घेतला की पत्रकार संपला, असे मानले तर ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेला ‘मूकनायक’ आधी निकालात काढावा लागेल. ज्यांचे बालपणीचे शिक्षण साताऱ्यात सुरू झाले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पाक्षिक काढले, आणि त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्या पैशाने कोणाची स्तुती विकत घेतली गेली नाही. ज्यांचे म्हणणे छापायला कोणी तयार नव्हते त्यांना त्यामुळे स्वतःचे पान मिळाले.

१९/
‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. याच ‘केसरी’च्या संपादकांनी परकीय सरकारपुढे मान न तुकवता तुरुंग भोगला होता. सरकारपासून स्वतंत्र असलेले पत्र आपल्या समाजाच्या पूर्वग्रहापासून स्वतंत्र असतेच असे नाही, हे यावरून कळते. म्हणून पत्रकाराची पारख करताना त्याने काय छापले याबरोबर त्याने काय छापले नाही हेही मोजावे लागते. मौनाची नोंद कोठे सापडत नाही. ती वाचकालाच ठेवावी लागते.

२०/
चौथा दाब सर्वांत कठीण : आपल्याच वाचकाचा. येथे पुन्हा आगरकर येतात. डोंगरीतून बाहेर पडल्यानंतर ते लोकप्रियतेच्या शिखरावर होते. परंतु सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचे आणि सहकाऱ्यांचे मतभेद वाढत गेले. बालविवाह, केशवपन, स्त्रियांचे शिक्षण या विषयांवर त्यांना जे लिहायचे होते ते ‘केसरी’च्या चालकांपैकी अनेकांना नको होते, आणि वाचकवर्गालाही रुचणारे नव्हते. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला.

२१/
मराठीतील प्रभावी पत्र हातचे सोडून नवे पत्र काढायचे, तेही बहुसंख्य वाचकांना संताप येईल असे लिहिण्यासाठी, हा तोट्याचाच सौदा होता. पुण्यात लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकरांची उपजीविका वृत्तपत्रावर नव्हती, बेताच्या पगाराच्या अध्यापनावर होती. खप घसरला म्हणून घरची चूल विझणार नव्हती. हा तपशील महत्त्वाचा आहे. त्यांच्या निर्भयतेमागे स्वभाव होता तसा हा व्यवहारही होता. १८९५ मध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले.

२२/
आज हा चौथा दाब पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. मालक नको, जाहिरातदार नको, थेट लोकांच्या वर्गणीवर आणि दर्शकसंख्येवर चालू, असे म्हणणारे स्वतंत्र पत्रकार मराठीतही वाढले आहेत. त्यांतले काही उत्तम काम करतात. पण दर्शक हाही एक मालकच असतो, आणि तो चित्रफीत न आवडल्यास क्षणात निघून जातो. सरकारविरोधी दर्शकांवर चालणाऱ्या पत्रकाराला सरकारवर टीका करायला धैर्य लागत नाही. विरोधी पक्षाची चूक सांगायला लागते. सरकारसमर्थक दर्शकांवर चालणाऱ्याचे याच्या नेमके उलट. म्हणून विचारावे : स्वतःच्या दर्शकांना न आवडणारे याने शेवटचे कधी सांगितले?

२३/
‘मग पूर्णपणे तटस्थ पत्रकारच वाचावेत’ असा आक्षेप येईल. वरच्या चारही संपादकांपैकी एकही तटस्थ नव्हता. सगळ्यांच्या बाजू ठरलेल्या होत्या आणि त्या वाचकाला ठाऊक होत्या. उघड बाजू घेणे हा दोष नव्हे. वाचक तिचे वजन वजा करून वाचू शकतो. धोका असतो तो लपवलेल्या बाजूचा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकच स्तुतिपर मजकूर परस्परांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत जवळपास जसाच्या तसा बातमी म्हणून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. ‘पेड न्यूज’वर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये अहवाल दिला. तेथे गुन्हा स्तुतीचा नव्हता. जाहिरातीला बातमीचे कपडे घालण्याचा होता.

२४/
लपवलेली बाजू शोधण्याचे एक जुने साधन आहे. १८६७ च्या छापखाना आणि पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. सरकारला पाळत ठेवता यावी हा त्यामागचा हेतू होता. पण त्या बारीक ओळीचा उपयोग वाचकालाही झाला. अंक कोठे छापला जातो हे कळले की तो कोणाच्या छायेत निघतो याचा माग लागे. १९५६ च्या नियमांनी दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावर मालकीचे निवेदन छापण्याची सक्ती केली. वृत्तपत्राच्या कोपऱ्यातील ‘फॉर्म नं. ४’ ते हेच. १८६७ च्या कायद्याची जागा मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली आहे. मोबाइलवरच्या चित्रफितीखाली मात्र अशी ओळ क्वचितच दिसते. जो पत्रकार आपण होऊन ती देतो, पैसा कोठून येतो ते सांगतो, त्याला तेवढे गुण द्यायला हवेत.

२५/
ही सारी चर्चा कोरेगावच्या मतदारासाठी पुस्तकी नाही. याच तालुक्यातील चिमणगावचा जरंडेश्वर सहकारी साखर कारखाना घ्या. राज्य सहकारी बँकेने २०१० मध्ये त्याचा लिलाव केला आणि २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्याच्या मालमत्तेवर टाच आणली. त्यावरून राज्यभर आरोप-प्रत्यारोप झाले. ज्यांनी भागभांडवल घातले आणि ज्यांचा ऊस त्या गाळपावर अवलंबून आहे, त्या शेतकऱ्यांना मात्र नेमके काय झाले हे कळायला हवे. ते कळण्यासाठी त्यांना पत्रकारावाचून पर्याय नाही.

२६/
अशा विषयावरची बातमी हाती आली की वरच्या कसोट्या कामाला लावता येतात. बातमीत लिलावाची कागदपत्रे, आदेश, तारखा आहेत की नुसते ‘सूत्रांनी सांगितले’? टाच आणणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे तिथे सांगितले आहे का? ज्यांच्यावर आरोप आहे त्यांचे म्हणणे दिले आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे : २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात आघाड्या आणि युत्या बदलल्या. त्या प्रत्येक बदलानंतर या पत्रकाराचा प्रश्न तोच राहिला, की ज्याच्यावर काल आरोप होता तो आज मित्रपक्षात येताच प्रश्नही विरघळला?

२७/
हे शेवटचे माप कोणत्याही पक्षाच्या वाचकाला वापरता येते आणि त्यासाठी कोणाच्या मनात शिरावे लागत नाही. पत्रकाराचा हेतू आपल्याला दिसत नाही, पण त्याचा जुना मजकूर दिसतो. प्रबोधनकारांचा बाणेदारपणा आज मान्य करता येतो तो त्यांचा छापील मजकूर उरला म्हणून. आगरकरांचा करता येतो तो ‘केसरी’ सोडण्याचे आणि ‘सुधारक’ काढण्याचे साल नोंदलेले आहे म्हणून. आजच्या पत्रकाराचे जुने काम तर बोटाच्या टोकावर आहे.

२८/
एखाद्या पत्रकाराची चित्रफीत गटावर पुढे पाठवण्याआधी त्याचीच दोन-तीन वर्षांपूर्वीची, सत्तेत दुसरे कोणी असतानाची, एक चित्रफीत पाहावी. दहा मिनिटे पुरतात. त्यानंतरही तो पटला नाही तर न पटो. पण तो विकला गेलेला आहे की केवळ आपल्या विरुद्ध मताचा आहे, हे सांगता येईल. आणि तो आपल्या मताचा असेल, तर ही दहा मिनिटे अधिकच आवश्यक आहेत.

(धागा समाप्त)